मराठी वाचनाची सुरुवात: कानापासून जोडाक्षरांपर्यंत

मुलाला वाचायला शिकवायचं ठरलं की सगळ्यात आधी भिंतीवर तक्ता येतो. अ ते ज्ञ. रोज पाठांतर सुरू होतं आणि काही आठवड्यांत मूल सगळा तक्ता घडाघडा म्हणून दाखवतं. त्याच मुलासमोर 'नाक' हा शब्द लिहिला की मात्र ते गप्प होतं. यात त्याचा काहीच दोष नाही. त्याने एक लांबलचक गाणं पाठ केलं आहे. अक्षरं जोडून शब्द कसा ओळखायचा, हे त्याला अजून कुणी दाखवलेलंच नाही.

माझं ठाम मत आहे की सगळी मुळाक्षरं संपण्याची वाट पाहू नये. सहा अक्षरं आणि एक काना एवढ्यावर मूल खरे शब्द, अगदी छोटी वाक्यंसुद्धा वाचू शकतं. एकदा तसं वाचता आलं की पुढची अक्षरं शिकण्याची ओढ त्याला आपोआप लागते. साधारण साडेतीन ते सात वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच वाचायला शिकवणाऱ्या प्रत्येकासाठी हा क्रम आहे. वयाचा आकडा फार मनावर घेऊ नका. कुठल्या पायरीवर मूल रमतंय आणि कुठे अडतंय, त्यावरून पुढे जायचं की थांबायचं ते ठरवा.

पहिली पायरी: कान

अक्षर दाखवण्याआधी काही आठवडे फक्त आवाजांशी खेळा. कागद नको, पेन्सिल नको. चालता-चालता, आंघोळ घालताना, झोपवताना हे खेळ होतात. दोन-तीन मिनिटं पुरतात.

सुरुवात टाळ्यांनी करा. 'टोपी' म्हणताना दोन टाळ्या, 'बाहुली' म्हणताना तीन. इथे शब्द निवडताना एक काळजी घ्यायची. 'कमळ' हा शब्द लिहिताना तीन अक्षरं होतात, पण तोंडाने म्हणताना तो 'क-मळ' असा दोनच तुकड्यांत येतो. ज्याला अक्षरं माहीतच नाहीत ते मूल दोन टाळ्या वाजवेल, आणि ते बरोबरच ऐकतंय. आपण मोठी माणसं डोळ्यांपुढे अक्षरं ठेवून तीन मोजतो आणि उगाच त्याला चूक ठरवतो. म्हणून सुरुवातीला काना, वेलांटी, उकार असलेले शब्द घ्या: ससा, गाणी, पाटी, बाहुली.

मग पहिला आवाज ओळखणं. "माझ्या मनात एक वस्तू आहे, ती 'पा' पासून सुरू होते." त्यानंतर तुकडे जोडणं: तुम्ही थांबत थांबत 'बा… हु… ली' म्हणा, मुलाने अख्खा शब्द सांगायचा. पुढे जाऊन वाचताना त्याला नेमकं हेच करायचं असतं, त्यामुळे हा खेळ सगळ्यात जास्त खेळा. शेवटी अदलाबदल. 'गाडी'मधला 'गा' काढून 'सा' ठेवला तर? साडी. 'ना' ठेवला तर? नाडी. अर्थ नसलेला शब्द तयार झाला तरी चालतो, मुलांना तेच जास्त आवडतं.

मराठीसाठी मला सर्वांत मोलाचा वाटणारा खेळ म्हणजे आवाज ताणण्याचा. 'काऽऽऽऽ' असं दम संपेपर्यंत म्हणायला लावा आणि विचारा, "शेवटी काय ऐकू येतंय?" 'क' केव्हाच निघून गेलेला असतो, उरतो तो 'आ'. 'मीऽऽऽ' ताणलं की उरते 'ई'. 'तोऽऽऽ' ताणलं की 'ओ'. एका अक्षरात दोन आवाज दडलेले आहेत, हे मुलाला यातून स्वतःच्या कानांनी कळतं. पुढे कान्याला आणि वेलांटीला 'आवाज' असतो म्हणजे काय, हे वेगळं समजावावं लागत नाही. मोठं मूल असेल तर बटणं घ्या. 'मी' म्हणताना 'म्'साठी एक बटण कागदावरच्या एका चौकटीत सरकवायचं, 'ई'साठी दुसरं शेजारच्या चौकटीत. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन यांनी शोधलेली ही चौकटी-बटणांची पद्धत आज जगभरच्या वर्गांमध्ये वापरली जाते.

दुसरी पायरी: सहा अक्षरं आणि काना

तक्त्याचा क्रम उच्चारांच्या शास्त्रानुसार लावलेला आहे. कंठातले आवाज आधी, ओठांचे नंतर. तो क्रम सुंदर आहे आणि मुलाने कधीतरी तो शिकावाच. पण वाचन सुरू करायला तो गैरसोयीचा आहे. त्यात 'ङ' आणि 'ञ'सारखी जवळजवळ कधीच न दिसणारी अक्षरं लवकर येतात, आणि 'म', 'र', 'ल'सारखी पावलोपावली लागणारी अक्षरं पार शेवटाकडे.

मी सुरुवात म, क, न, र, ग, ल या सहांनी करायला सांगेन, आणि त्यांच्या जोडीला काना. दिसायला ही एकमेकांपासून पुरेशी वेगळी आहेत आणि त्यांतून भरपूर शब्द निघतात: मामा, काका, मला, माल, नाक, कान, गाल, मान, काम, लाल, राग, नाग, नगर, मगर, गरम, नरम, कमान, कलाकार. एवढ्यावर 'नाक लाल. गाल लाल. कान लाल.' अशी मुलाची पहिली गोष्ट होते. खाली लाल नाकाचं चित्र काढून द्या. तो कागद मूल घरभर दाखवत फिरेल.

प्रत्येक अक्षर पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर मोठं लिहा. दाखवा, त्याचा आवाज म्हणा, मुलाला बोटाने गिरवू द्या, मग खोलीत दिसेल त्या छापील मजकुरात ते शोधायला सांगा. देवनागरीत एक मोठी सोय आहे: अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज एकच. 'क' दिसला की 'क' म्हणायचं. ही सोय आपणच 'क कमळाचा', 'ग गवताचा' असं घोकून घालवतो. ओळखीसाठी पहिले एक-दोन दिवस ते ठीक. पुढे प्रत्येक वेळी मूल 'न नळाचा, क कमळाचा' म्हणू लागलं तर त्या शेपटांमधून 'नाक'पर्यंत ते पोचणार कसं? शेपूट लवकर काढून टाका.

आधीची अक्षरं उलटसुलट क्रमाने दाखवली तरी न अडखळता ओळखता येऊ लागली, की मगच नवं अक्षर. पुढच्या गटात प, त, स, ब, ळ, द घेता येतील. सारखी दिसणारी अक्षरं एकाच आठवड्यात आणू नका: म आणि भ, घ आणि ध, ब आणि व, ट-ठ-ढ, प आणि ष. एक अगदी पक्कं झालं की मग दुसरं, आणि तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून "फरक कुठे आहे, बोट ठेव" असं विचारायचं. 'ख'चं रूप आणि 'रव' यांतही गोंधळ होतो, तिथेही हाच उपाय.

छपाईत 'ल' आणि 'श' दोन-दोन तऱ्हांनी दिसतात, कारण अनेक टंक (फॉन्ट) हिंदी वळणाचे असतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवून दिली, तरी पडद्यावर दोन्ही वळणं भेटतच राहतात. मुलाला दोन्ही एकदा दाखवून ठेवा, तेवढं पुरे.

अक्षरं जोडून शब्द

इथेच सर्वाधिक मुलं अडतात आणि इथेच सर्वाधिक धीर लागतो. मूल 'ना' म्हणतं, 'क' म्हणतं, आणि मग तुमच्याकडे बघतं.

अडण्याचं कारण लिपीतच आहे. 'क' एकटा वाचला की त्यात 'अ' असतो. पण 'नाक' म्हणताना शेवटचा 'अ' आपण गाळतो, उच्चार 'नाक्' असा होतो. मुलाने प्रामाणिकपणे अक्षरं जोडली तर 'नाकऽ' असं काहीतरी तयार होतं, आणि तो शब्द त्याने कधी ऐकलेलाच नसतो. म्हणून जोडण्याची सुरुवात शेवटी काना असलेल्या शब्दांनी करा: मामा, काका, मला. इथे काहीच गाळावं लागत नाही, 'मा' आणि 'मा' सलग म्हटलं की झालं मामा. हे जमलं की नाक, कान, गाल. आता एकच सूचना द्या, "शेवटचं अक्षर पटकन म्हण, ताणू नको." नंतर काना नसलेले शब्द: कर, गरम, नगर. 'बोलतो', 'करणे' अशा शब्दांत मधला 'अ'ही गळतो, पण तोवर मूल बोलण्यातल्या ओळखीच्या शब्दाशी ताळा घालायला शिकलेलं असतं.

एक छोटी युक्ती फार उपयोगी पडते. शब्दावर कोरा कागद ठेवा आणि तो डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकवा. 'ना' दिसला की मुलाने 'नाऽऽऽ' म्हणत राहायचं, 'क' उघडेपर्यंत थांबायचं नाही, आणि 'क' दिसताच जोडायचा: 'नाऽऽक'. दोन अक्षरांच्या मध्ये आवाज तुटला की पहिलं अक्षर विसरायला होतं. आवाज चालू ठेवला तर जोड आपोआप बसतो.

मूल अडखळलं तर मनातल्या मनात पाच मोजा. तेवढ्यात बरीच मुलं स्वतःच सावरतात. नाहीच जमलं तर अडलेल्या अक्षरावर बोट ठेवा, त्याचा आवाज सांगा आणि शब्द पहिल्यापासून त्यालाच वाचू द्या. चित्राकडे पाहून अंदाज बांधायची सवय लागत असेल तर चित्र हाताने झाका, शब्द वाचून झाला की उघडा. 'कुत्रा' लिहिलेलं असताना चित्र पाहून 'भूभू' म्हणणारं मूल हुशार आहे, पण ते वाचत नाहीये.

मात्रा: बाराखडी म्हणण्याआधी बाराखडी वापरणं

'क का कि की' म्हणता येणं आणि 'कू' एकटा ओळखता येणं यांत मोठं अंतर आहे. खात्री करायची असेल तर बाराखडीतल्या कुठल्याही अक्षरावर मध्येच बोट ठेवून पाहा. बरीच मुलं पहिल्या अक्षरापासून मनात म्हणत म्हणत तिथवर येतात.

त्यापेक्षा एक मात्रा घ्या आणि ओळखीच्या सगळ्या अक्षरांना लावा. काना झाला की दुसरी वेलांटी: मी, की, नी, री, गी, ली. मग एक मात्रा: मे, के, ने. मग 'ो', मग उकार. ट्रेसिंग पेपरच्या पट्टीवर फक्त 'ी' लिहा आणि ती पट्टी अक्षरांवरून सरकवा. एकच खूण सगळ्यांचा आवाज सारखाच बदलते, हे डोळ्यांना दिसतं. जोडीला अदलाबदलीचे शब्द द्या. 'काका'चा शेवटचा काना काढून वेलांटी दिली की काकी, उकार दिला की काकू. 'गाल'चा 'गोल' होतो, 'मान'चा 'मीन' होतो. एवढ्याशा खुणेने माणूसच बदलतो, हे पाहून मुलांना खरोखर आश्चर्य वाटतं.

पहिली वेलांटी उशिरा घ्या. 'कि'मध्ये खूण आधी दिसते आणि आवाज नंतर येतो, आणि डावीकडून उजवीकडे वाचायला नुकतंच शिकलेल्या डोळ्यांना हे जड जातं. अशा शब्दात वेलांटी आणि तिचं अक्षर एकाच रंगात लिहिलं तर त्यांची जोडी लक्षात राहते. ऱ्हस्व-दीर्घाच्या शुद्धलेखनावर या वयात अडून बसू नका. 'र'ला उकार पायाशी न लागता पोटाशी लागतो, 'रु' आणि 'रू', हे मात्र मुद्दाम दाखवा. नाहीतर मुलं ते वेगळंच अक्षर समजतात.

अनुस्वाराला 'नाकातला आवाज' एवढंच सांगा. 'घंटा' आणि 'पंप' यांत तो वेगवेगळा होतो, पण पुढच्या अक्षरामुळे जीभ स्वतःच योग्य जागी जाते. अडचण येते ती 'केलं', 'गेलं', 'झालं' अशा शब्दांत. गोष्टींच्या पुस्तकांत हे सतत भेटतात आणि मूल 'केलम्' वाचतं. तिथे नाकातून काही म्हणायचं नाही, शेवटचा 'अ' जरा लांबवायचा. हे एकदा सांगितलं की पुरतं.

च, ज आणि झ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च म्हणून पाहा. 'माझा' आणि 'माझी' यांतला झसुद्धा वेगळा आहे. खूण एकच असल्याने मूल चुकीचा उच्चार लावणारच. "दुसऱ्या आवाजाने म्हणून बघ," एवढं सांगा आणि ओळखीचा शब्द सापडू द्या. घरी 'पानी' म्हणणारं मूल 'पाणी' हा शब्द 'पानी' असा वाचत असेल, तर त्याने शब्द ओळखलेला आहे. त्याच्या घरच्या बोलीला चूक म्हणू नका. 'ण' आणि 'न' या दोन खुणा वेगळ्या आहेत, एवढं दाखवून पुढे जा.

या सगळ्याला वेळ लागतो. ३४ व्यंजनं आणि बाराखडी यांचाच गुणाकार ४०० च्या वर जातो. कन्नड लिपीही आपल्यासारखीच अक्षर-मात्रांची आहे. ती शिकणाऱ्या मुलांवरचा सोनाली नाग यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अक्षरांवर पूर्ण पकड येण्याचं काम प्राथमिक शाळेत कित्येक वर्षं चालू राहतं, असं त्यात दिसलं. पहिलीतल्या मुलाला सगळी अक्षरं सहज येत नसतील तर घाबरून जायचं कारण नाही.

जोडाक्षरं

ती शेवटी शिकायची असली तरी गोष्टीत पहिल्या पानापासून भेटतात. 'म्हणाला', 'त्या', 'आम्ही', 'माझ्या' हे चार-पाच शब्द आधीच सांगून ठेवा: "इथे म अर्धा आहे, ह पूर्ण." पद्धतशीर शिकवताना अर्धं अक्षर स्पष्ट दिसेल अशा जोडाक्षरांनी सुरुवात करा: त्य, म्ह, स्व, ल्ल, न्य. 'र'ची रूपं सगळ्यात शेवटी, आणि तीही एकेक करून: 'सूर्य'मधला रफार, 'चक्र'मधला, 'राष्ट्र'मधला आणि 'दऱ्या'मधला. रफार दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, पण म्हणायचा मात्र आधी. मुलाला हे कोड्यासारखं सांगितलं तर गंमत वाटते, नियमासारखं सांगितलं तर धास्ती.

सोबत इंग्रजी असेल तर

अनेक मुलं दोन्ही लिप्या एकदमच शिकतात, आणि त्याने बिघडत नाही. फक्त दोन पद्धतींची सरमिसळ होऊ देऊ नका. इंग्रजीत अक्षराचं नाव वेगळं आणि आवाज वेगळा. 'सी' हे नाव आहे, 'कॅट'मध्ये त्याचा आवाज 'क्' होतो. शिवाय 'क'मध्ये 'अ' मिसळण्याची आपली सवय तिथे आड येते. मूल 'कऽ-ॲ-टऽ' म्हणतं आणि 'कॅट' काही जुळत नाही. इंग्रजी शिकवताना व्यंजन तोडून म्हणा: 'क्', 'ट्', 'म्', 'स्'. अक्षरं २६ आणि आवाज साधारण ४४, त्यामुळे एका अक्षराला बहुतेक वेळा एकच आवाज हा मराठीतला भरवसा तिथे ठेवता येत नाही. अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचायला शिकवणाऱ्या बऱ्याच 'फोनिक्स' पद्धती एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांनी सुरुवात करतात. त्यामागचं तत्त्व वरच्या सहा मराठी अक्षरांसारखंच आहे: थोड्या अक्षरांत भरपूर शब्द.

वाचून दाखवणं थांबवू नका

मूल स्वतः वाचू लागलं की मोठ्यांचं वाचून दाखवणं हळूहळू बंद पडतं. हे होऊ देऊ नका. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये आकलनाचं एक सोपं सूत्र मांडलं: लिहिलेलं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. हा गुणाकार आहे, बेरीज नाही. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच. अक्षरओळख पहिली बाजू सांभाळते. दुसरी बाजू गप्पांतून आणि वाचून दाखवलेल्या गोष्टींतून वाढते, कारण बोलण्यात न येणारे शब्द आणि लांब वाक्यं मुलाला तिथेच ऐकायला मिळतात.

म्हणून रोज दोन पुस्तकं हाताशी असू द्या. एक त्याला वाचता येईल असं सोपं, दुसरं तुम्ही वाचून दाखवायचं, त्याच्या ताकदीच्या बरंच वरचं. वाचताना मध्ये थांबून विचारा: "आता हा काय करेल?", "तुला असं झालं असतं तर?" सोप्या पुस्तकाच्या एका पानावर मूल चार-पाच ठिकाणी अडलं तर ते पुस्तक आज त्याच्यासाठी नाही, तुम्ही वाचून दाखवा आणि महिन्याभराने परत काढा. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा हवं असेल तर हौसेने द्या. वाचण्याचा वेग अशा पुनर्वाचनानेच वाढतो.

रोजची दहा मिनिटं सुट्टीच्या दिवशीच्या सलग तासापेक्षा कितीतरी जास्त देतात. मूल दमलेलं, भुकेलं किंवा रडवेलं असेल त्या दिवशी सराव नको, नुसती गोष्ट. लिहिण्याचा आग्रहही याच हिशोबाने ठेवा. 'मला आइ आवडते' असं त्याने स्वतःहून लिहिलं तर आधी ते वाक्य मोठ्याने वाचा आणि आईला दाखवायला पाठवा. 'आई'ची दीर्घ ई पुढच्या आठवड्यातही शिकवता येईल.

सात वर्षांच्या आसपासपर्यंत अक्षर उलटं काढणं, घ-ध किंवा म-भ यांत गोंधळणं सामान्य आहे. पण सहा-आठ महिने नियमित, आनंदाने सराव करूनही ओळखीची अक्षरं दुसऱ्या दिवशी पुसली जात असतील, आवाज जोडण्याचे खेळ अजिबात जमत नसतील, किंवा घरात आणखी कुणाला वाचनाची अडचण राहिलेली असेल, तर वाट पाहू नका. सर्वांत आधी कान तपासून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पाणी साठून ऐकू कमी येऊ शकतं आणि घरात ते लक्षातही येत नाही. मग डोळे. दोन्ही ठीक असतील तर वाचन-अडचणींचं मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञांना भेटा. जाताना मूल कोणती अक्षरं ओळखतं, कोणत्या मात्रेवर अडतं, कोणते शब्द वाचतं, याची आठवडावार नोंद असलेली वही सोबत न्या.